कुलूप लावून जाता यावं म्हणून

वहिनी,

तुमच्या तेराव्याला जमनी आली नाही. पंगतीत त्यावर बोलणं झालंच. आत्याबाई म्हणाल्या, जिच्यासाठी एवढा जीव आटवला तिला दोन घास जेवायला यावंसंही वाटलं नाही. मी भाजी वाढत पुढं गेले. खरं तर सांगायचं होतं की ती येणार नव्हतीच, आणि वहिनींना तेच आवडलं असतं. जमनी तेव्हा जव्हारच्या पलीकडे, डोंगरउतारावरच्या तिच्या तुकड्यात होती. पेरणी तोंडावर आलेली. तुम्ही जाण्याच्या थोडे दिवस आधीच ती, तिचा नवरा काकड्या आणि पोरं आपल्या बोईसरच्या शेडमधल्या खोलीला कुलूप लावून गावी गेली, किल्ली पदराच्या गाठीला बांधून. "येते दसऱ्यानंतर," म्हणाली. तुम्ही हात हलवलात. मी त्या कुलपाकडे बघून तोंड वाकडं केलं, तेही तुम्ही बघितलंत.

त्या कुलपावरून आपलं भांडण चालू होतं आणि ते तसंच अर्धं राहिलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. लग्न होऊन चिंचणीच्या त्या घरात आल्यापासून माझ्याशी बरोबरीनं भांडणारं माणूस एकच होतं, माझी थोरली जाऊ. ती अशी बोलता बोलता मध्येच उठून गेली, याचं मला दुःख आहेच. पण त्याहून जास्त राग आला आहे.

बाहेरच्या माणसाला हे भांडण कळायचं नाही. एका कुलपावरून दोन पिकल्या केसांच्या बायका इतकी वर्षं काय वाद घालतात, असं वाटेल. त्याला आपलं घर सांगावं लागेल. आपल्या घराला कुलूप नव्हतं. सासूबाई आल्यागेल्याला मोठ्या मानानं सांगायच्या, आमच्या घरानं कधी कुलूप बघितलं नाय. पाहुण्यांना वाटायचं, वा, काय गाव आहे, काय माणसं आहेत. कुलूप नव्हतं कारण आपण दोघी होतो. दोन सुनांपैकी एक कायम घरात. लग्न असो, बाजार असो, दवाखाना असो, एक गेली की दुसरीनं राहायचं. शिरगावला माझ्या भावाच्या लग्नाला मी गेले तेव्हा तुम्ही राहिलात. दातिवऱ्याला तुमचे वडील गेले तेव्हा मी राहिले, आणि तुम्ही रडत रडत एकट्या एस.टी.त चढलात. एका छपराखाली आपला जन्म गेला आणि आपण दोघी मिळून कुठं म्हणून गेलो नाही. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथंसुद्धा नाही.

सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि तुम्ही बाजारातून एक पितळी कुलूप घेऊन आलात. मला म्हणालात, चप्पल घाल. कुठं जायचं ते मी विचारलं नाही, इतकी मी घाबरले होते. तुम्ही कडी घातलीत, कुलूप लावलंत, ओढून बघितलंत, चार पावलं जाऊन परत आलात आणि पुन्हा ओढून बघितलंत. आपण रिक्षानं बोईसरला गेलो. एवढं धाडस करून केलं काय, तर स्टेशनबाहेर उभं राहून उसाचा रस प्यायलो. माझा अर्धा तसाच राहिला. गॅस बंद केला का, मांजर आत तर राहिली नाही ना, असलंच सगळं डोक्यात. तुम्ही मात्र दुसरा ग्लास मागितलात.

त्याच फेरीत आपल्याला जमनी दिसली. पुलाखाली, भिंतीला लागून, दोन बोचकी, पातेली, अंगावर एक पोर आणि दुसरं मांडीशी. हातात रिकामा हंडा घेऊन ती नुसतीच उभी होती. तुम्ही विचारलंत, पाणी कुठं मिळतं इथं? ती म्हणाली, नळ तिकडं हाय, पण हे टाकून कसं जाऊ, नवरा काम बघायला नाक्यावर गेलाय. एकदा अशीच पाण्याला गेली तर भांडी गेली होती. तुम्ही तिच्या बोचक्यांशी बसलात आणि ती पाणी घेऊन आली. मी बाजूला उभी, कोणी चिंचणीचं बघत तर नाही ना, हे बघत. रिक्षात बसल्यावर तुम्ही मागं वळून पुलाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "विजू, हिलापण घराशी कोनतरी बसायला लागतं गं. आनि हिला तर घरपण नाय."

आपल्या शेडमध्ये खोल्या काढायचं त्या रिक्षात ठरलं, असं मी नंतर लोकांना सांगायचे. तुम्ही म्हणायचात, खोटं बोलू नको, ठरवलं मी, तू नुसती रडत होतीस. असो. शेड तशीही बंद पडली होती. दागिन्यांवरची नक्षी उठवायचे पोलादी साचे, आपल्याकडे त्यांना डाय म्हणतात, ते आपल्या दोघींच्या नवऱ्यांनी हातानं कोरून डोळे अधू करून घेतले. मग कोरणारी मशिनं आली आणि कारागीर घरी बसले. मोठे भाऊजी त्यानंतर फार जगले नाहीत. ह्यांच्या मनात शेड गोदामाला द्यायची होती. तुम्ही दिवाणखान्यात सगळ्यांसमोर म्हणालात की माझा अर्धा हिस्सा मी देत नाही, तिथं मी भाडेकरू ठेवणार आहे, आणि विजू माझ्याबरोबर आहे. माझ्याशी आधी बोलायचीसुद्धा तसदी घेतली नव्हतीत. मी मान हलवली. का हलवली ते आजपर्यंत मला कळलेलं नाही.

फुकट कोणाला ठेवायचं नाही, हे तुमचं पहिल्यापासून पक्कं. आठवड्याच्या आठवड्याला भाडं, नाक्यावरच्या मजुरीला सोसेल एवढंच. अनामत नको, जामीन नको, कागद नकोत. चाळवाल्यांना आधी नेमकं हेच लागतं आणि पुलाखालच्या माणसाकडे नेमकं हेच नसतं. रस्त्याकडचा भाग दुकानांना दिला, त्यातून वीजपाणी आणि डागडुजी भागायची. मी म्हणाले, एवढंच करायचं तर त्या बिचाऱ्यांकडून भाडं तरी कशाला? तुमचं उत्तर होतं की फुकट राहणारं माणूस आपल्याशी भांडत नाही, आणि तुम्हाला भांडणारी माणसं हवी होती. पहिल्या महिन्यात जमनी नळाच्या वेळेवरून तुमच्याशी अशी भांडली की रस्त्यावरची माणसं थांबली. संध्याकाळी तुम्ही ते मला पोरीचा पहिला नंबर आल्यासारखं सांगत होतात.

आपण केलेल्या चुका काय कमी होत्या? तो ओटा आठवतो? प्रत्येक खोलीत कडाप्प्याचा उभा ओटा. बाकी काही नसलं तरी चालेल पण ओटा हवाच, यावर आपलं दोघींचं कधी नव्हे ते एकमत झालं. का नाही होणार? सासूबाईंशी ओट्यासाठी आपण किती वर्षं झगडलो होतो, आणि तो मिळाला तेव्हा आपल्या कंबरा गेल्या होत्या. जमनीनं ओटा बघितला, हात फिरवला आणि विचारलं, यावर काय ठेवायचं? तिला खाली बसूनच रांधायची सवय. आठवडाभरात सगळ्या ओट्यांवर पोरं झोपायला लागली आणि चुली बाहेर व्हरांड्यात आल्या. आपण हसून हसून बेजार झालो. आपल्याला जे मिळालं नाही ते सगळ्या जगाला हवं असणार, असं धरून चाललो होतो आपण.

मग पहिला पावसाळा आला आणि भांडण सुरू झालं. डोंगरातली माणसं दसऱ्यानंतर कामाला खाली उतरतात आणि पेरणीच्या आधी परत चढतात, हे आपल्याला माहीत होतं. पण खोल्या काढताना ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या दिवसांत पुलाखाली कोरडी जागा उरत नाही, नेमक्या त्याच दिवसांत आपल्या निम्म्या खोल्या कुलपात. मी म्हणाले, जमनीचं सामान एका कोपऱ्यात ठेवू आणि खोली कोणालातरी देऊ, दसऱ्यानंतर ती आली की परत देऊ. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हणाले, चार महिने ती भाडंही देत नाही, मग हे फुकट नाही का? तरीही तुमचं नाहीच. मी फार वर्मी लागेल असं बोलले. म्हणाले, बाहेर बाई भिजते आहे आणि आत जमनीची पातेली कोरडी आहेत, हे कुठलं पुण्य?

तुम्ही चिडला नाहीत. तांदूळ निवडत होतात, निवडतच राहिलात. "घर म्हंजे काय गं विजू? छप्पर? छप्पर पुलालापण हाय. ज्याला कुलूप लावून जाता येतं आनि परत येऊन जसंच्या तसं मिळतं, ते घर. ते तिला एकदा दिलं मी. आता काढू कसं?"

  पण मग बाहेर भिजणाऱ्या बाईला काय द्यायचं, वहिनी? दर पावसाळ्यात आपण तेच बोलायचो आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी व्हरांड्यात यायचं.

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते सांगते. त्या दिवशी मी चिंचणीहून शेडवर आले ती सांगायलाच आले होते की या पावसाळ्यानंतर मी मोकळी होणार. माझे गुडघे, ह्यांचं पथ्यपाणी, लेकीचं पुण्याला ये ये म्हणणं, सगळं रिक्षात पाठ करून आले होते. खरं कारण यातलं एकही नव्हतं. मला कंटाळा आला होता. कोणाचं तरी दार, कोणाचा तरी नळ, कोणाची तरी रडगाणी, आणि सगळ्याच्या मध्ये तुमचा तो शांत चेहरा. तुम्ही नळाशी हंडा विसळत होतात. मी म्हटलं, वहिनी, जरा बोलायचंय. तुम्ही म्हणालात, चहा टाक, आलेच. मी चहा टाकला. बाहेरून हंडा पडल्याचा आवाज आला, आणि मी धावत आले तोवर तुम्ही कशालाच ओ देत नव्हतात.

नाही म्हणाला असतात तर भांडून गेले असते. जा म्हणाला असतात तर रडत गेले असते. तुम्ही दोन्हीपैकी काहीच केलं नाहीत आणि मी अडकले. स्मशानातून आल्यावर ह्यांनी मला काही विचारलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, आता शेडचं तुझ्याकडेच. तुमच्या मुलानं मुंबईहून निघताना पाया पडून तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेडवर आले तर माणसं मला वैनी म्हणायला लागली होती. मी म्हटलं, अहो मी विजया. हो वैनी, म्हणाली.

तेरावं झालं आणि मीना आली. तिकडची, उत्तर प्रदेशातल्या बलियाकडची. नवरा काम शोधायला सुरतेला गेला तो गेलाच, चाळवाल्यानं सामान बाहेर काढलं. कारखान्यात डबे भरायचं काम होतं तिला. मी सांगितलं, खोली नाही. ती म्हणाली, खोली नको, बरामदा चालेल. तिनं व्हरांड्यात आपली गठरी, एकच बोचकं, ठेवली आणि अंग टाकलं. सकाळी मी चिंचणीहून पोचते तर ती गठरी डोक्यावर घेऊन कामाला निघालेली. दुपारी परत. कारखान्याच्या गेटवरच्या रखवालदारानं गठरी आत न्यायला मनाई केली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी म्हटलं, इथं ठेवून जा, मी बघते. तर म्हणाली, "दीदी, आप भी कब तक बैठी रहेंगी?" त्यात टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. तिच्या बहिणीकडे अशीच ठेवलेली पेटी तिला परत मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं सांगितलं, उद्या वेळेवर आली नाहीस तर येऊच नकोस.

मला तुमच्यावर इतका संताप आला. व्हरांड्यात बाई, तिच्या पाठीमागे जमनीचं कुलूप, आणि तुम्ही फोटोत हार घालून बसलेल्या. डायच्या वेळची छिन्नी आणि हातोडा अजून कपाटात आहेत. मी दोन्ही काढली, कुलूप फोडायला. मग वाटलं, निदान विचारावं तरी. जमनीला फोन लावला. तिच्या पाड्यावर रेंज नाही, टेकडावर यावं लागतं. कोणाकरवी तरी निरोप गेला आणि संध्याकाळी तिचाच फोन आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं भांडेल, नळावरून भांडली होती तशी. माझी वाक्यं तयार होती.

ती लगेच म्हणाली, "तोड ना बाय. आमचं सामान भायेर ठेव. आमाला सवय हाय."

बस्स. रडली नाही, रागावली नाही. पेरणी कशी चाललीय विचारलं तर म्हणाली, बरी चाललीय. तुमच्याबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज जरा हलला. म्हणाली, आता वैनी नाय तं आमचं काय तिथं. इतक्या वर्षांत भाडं देऊन, भांडून भांडून तिनं जे कमावलं होतं, ते तिनं माझ्या एका फोनवर सोडून दिलं. तुमचं म्हणणं मला तेव्हा पोचलं, वहिनी. जिवंतपणी पोचलं असतं तर तुम्ही निदान जिंकल्याचा आनंद तरी घेतला असतात. मी तिला म्हटलं, कुलूप राहील, दसऱ्यानंतर ये, आणि आल्यावर आधी माझ्याशी भांड. तिला यातलं काय कळलं कोण जाणे. फोन कट झाला.

पण मीना व्हरांड्यातच होती. हातोडा माझ्या हातात होता आणि मी शेडभर नुसती फिरत होते. सगळ्या कुलपांना माणसं होती. कोणी डोंगरात, कोणी कारखान्यात पाळीवर. एकाच दाराचं माणूस परत येणार नव्हतं. पुढची खोली, जिथं भाऊजी हिशेबाला बसायचे आणि जिथं चिंचणीचं ऐसपैस घर सोडून तुम्ही राहायला आलात, ती. तिला कुलूप मीच लावलं होतं, तुम्हाला नेल्यावर. आत तुमचं अंथरूण तसंच होतं, चष्मा उशाशी, दोरीवर जांभळं लुगडं, गॅसवर त्या दिवसाच्या चहाचं पातेलं. मी ते घासलंही नव्हतं. रोज एकदा उघडून आत उभी राहायचे आणि पुन्हा लावून घ्यायचे. तुम्ही परत आलात तर जसंच्या तसं मिळावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. वेड्यासारखंच, पण होतं.

ती खोली आवरताना मी किती रडले ते सांगत नाही, तुम्हाला कौतुक वाटायचं. पातेलं घासलं. अंथरूण बांधलं. लुगडं मी घेतलं, आधीच सांगते, कोणाला देणार नाही. मीना दाराशी उभी होती. भाडं किती विचारलं तिनं, ते सांगितलं. ठीक म्हणाली. मी तिला कुलूप दिलं आणि दोन्ही किल्ल्या दिल्या. एक माझ्याकडे ठेवायची हे डोक्यात आलं होतं. नाही ठेवली.

आज सकाळी ती कामाला गेली. कुलूप लावलं, ओढून बघितलं, फाटकापर्यंत गेली, परत आली आणि पुन्हा ओढून बघितलं. मला हसू आलं आणि मग आलं ते हसू नव्हतं. मग ती रस्त्यानं चालत गेली, दोन्ही हात मोकळे सोडून. ते मोकळे हात मी वळणापर्यंत बघत राहिले. तुम्ही हे बघायला हवं होतं. एवढ्यासाठी तरी तुम्ही थांबायला हवं होतं.

तुमच्या खोलीत जायचं तर आता मला दार वाजवावं लागेल. ते बरं झालं. पण एक विचारते, आणि हे भांडण तुम्ही मला जिंकू द्यायला हवं. या शेडच्या मोठ्या फाटकाला कुलूप नाही. पाळीची माणसं केव्हाही येतात, कोणी खोली विचारत येतं, पाण्याची मोटर कोणीतरी लावावी लागते. म्हणून तुम्ही इथं बसायचात. सगळ्यांना कुलूप लावून जाता यावं म्हणून एक बाई कायम बसलेली. दातिवऱ्याला भाचीच्या बारशाला बोलावलं होतं, गेला नाहीत. पुण्याला माझ्या लेकीकडे या म्हटलं, नाही आलात. शेडला कोण बघेल, म्हणायचात. सासूबाईंचं ते बिनकुलपाचं घर आपण चिंचणीला सोडलं आणि बोईसरला आणून बांधलं, आणि मला एवढ्या वर्षांत ते दिसलं नाही. तुम्हाला दिसलं होतं का? दिसूनही बसलात का? की मी येते आहे, मी बघेन, या भरवशावर होतात?

ह्यांचा आत्ताच फोन येऊन गेला, घरी कधी येतेस म्हणून. बघते म्हटलं. मीना गेली. काकड्या-जमनी डोंगरात. बाकीचे नाक्यावर, पाळीवर. सगळी दारं मी एकदा हात लावून बघून आले, नीट लागलेली आहेत. काळजी करू नका, वहिनी. सगळी बाहेर गेलीत. मी आहे घरी.